मर्यादा कायम

मला आधी एक सांगा, हात वर केला म्हंजी व्हय म्हणायचं का न्हाय? कमिटीत बसून वरीस व्हत आलं, पण अजून ते माझ्या ध्यानात बसलेलं न्हाय. सदर इचारतात, "कुणाची हरकत नाही ना?" आन् समदे माना डोलावतात. आता मान डोलावली म्हंजी हरकत हाय का हरकत न्हाय? डोस्कं पार भंजाळून जातं बगा.

म्या हरणाबाई, धनगरवाड्यातली. निजाम गेला, मागनं हैदराबाद बी गेलं, आमी मुंबईच्या राज्यात आलो, आन् विष्णुपंत म्हणले की गावच्या कमिटीत आता एक बाई पाहिजे. विष्णुपंत म्हंजी आमच्या कमिटीचे सदर, अध्यक्ष म्हणा. काळी टोपी, कानात अत्तराचा बोळा. बामणआळीतल्या बायांनी न्हाय म्हणलं, वाण्याच्या घरची एक तयार झाली तर तिला दिवस गेले. मग माझ्याकडं माणूस आला. सदर म्हणले, "हरणाबाई, तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बसायचं." माझं टाळकंच फिरलं. म्हणलं, निस्तं बसायला म्या काय अंड्यावरची कोंबडी हाय व्हय? पण बसले. गायरानापायी बसले.

आमचं गायरान टेकडीखाली हाय. वाड्यातली समदी मेंढरं तितंच चरत्यात. ते गेलं की आमी गावातनं उठलोच म्हणायचं. आन् त्याच्यावर डोळा कुणाचा, तर महालिंगप्पाचा. ह्या महालिंगप्पाची कापसातली सरकी काढायची जीन हाय, छापखाना हाय, 'डोंगरवारा' म्हणून आठवड्याचा पेपर तोच काढतो. कमिटीत बी हाय. माणूस बोलायला ग्वाड. मला अक्का म्हणतो. त्याला गायरानात दुसरी जीन टाकायचीय. पण गायरान कुणाला द्यायचं झालं तर कमिटीला आधी गावात जाहीर करावं लागतं, लोकांच्या हरकती ऐकाव्या लागत्यात. मागल्या साली त्यानं पेपरात छापलं, गायरान ओसाड पडलंय, तितं कुत्रं बी फिरकत न्हाय. आता आमच्या वाड्यात पेपर वाचतंय कोण? आमाला पत्ताच लागला नसता. लागला तो फळ्यामुळं.

यष्टी स्टँडच्या भिताडाला एक काळा फळा हाय. अंबादास गुरुजी सकाळी येऊन त्याच्यावर खडूनं गावच्या बातम्या लिहितात. गुरुजी कमिटीत बी हायेत. त्यांनी लिहिलं, "गायरान जाणार. हरकत असेल त्याने कचेरीत यावे." बेंबळीच्या गाडीची वाट बगत बसलेल्या कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं, आन् मग काय, आमचा अख्खा वाडा मेंढरांसकट कचेरीत! एक एडका तर पार सदरांच्या पायापतूर. सदर खुर्चीवर चढून वरडत व्हते, "तहकूब! तहकूब!" त्या टायमाला गायरान वाचलं.

फळा गुरुजींचा, छापखाना महालिंगप्पाचा, आन् तिसरा ह्यो भोंगा. बाजारातल्या लिंबावर कमिटीनं भोंगा बांधलाय. खाली सायकलवाल्या बसप्पाच्या दुकानात कमिटीचा रेडिओ. सांजच्याला बातम्या लावायच्या, आन् मग गावात काय जाहीर करायचं आसंल ते बसप्पानं बोलायचं. त्याचा ठेका बसप्पाकडं. पोलिस ॲक्शन झाल्यावर जी पहिली कमिटी बसली, तिनं एक नेम घालून दिला व्हता. छापखाना, भोंगा आन् फळा, एका घरात एकच. लई शहाणी माणसं असतील ती. एकाचंच ऐकून ऐकून त्यांचे कान किटले असतील. महालिंगप्पाला आता तोच नेम नडायला लागला. छापखाना हायच, वरनं भोंगा पाहिजे, फळा बी पाहिजे. म्हंजी गायरानाचं जाहीर झालं काय आन् न झालं काय, आमाला कळणार कुठनं?

कमिटीच्या सभेचा कागद आला तवा माझ्या सुनेनं, सिताबाईनं, वाचून दाखिवला. चवथी पास हाय ती. त्यात एक विषय व्हता: "वार्ता-प्रसाराच्या साधनांच्या मालकीवरील मर्यादा शिथिल करणेबाबत."

"शिथिल म्हंजी काय गं?" म्या इचारलं.

"ढिली करणं."

"आन् मालकी?"

"मालकाचं आसंल काय तरी," सिता म्हणाली आन् लाजून पदर दाताखाली धरला.

मला हसावं का रडावं कळंना. आमच्यात मालक म्हंजी नवरा, आन् मर्यादा म्हंजी डोईवरचा पदर. नवऱ्याम्होरं पदर ढिला करायचा का न्हाय ह्याच्यावर सदर आन् समदे बाप्ये बसून चर्चा करणार? आन् मला त्यात बोलिवणार? आमचे मालक तर कवाच खंडोबाच्या पायाशी गेले. म्या तरातरा गुरुजींच्या घरी गेले आन् कागद त्यांच्या पुढ्यात टाकला. म्हणलं, "लाज न्हाय वाटत का वो तुमच्या कमिटीला?"

गुरुजी पोट धरून हसले. त्यांच्या घरच्या वनमालाबाई चहा घेऊन आल्या, त्या बी हसल्या. मग गुरुजींनी समजावलं की ही मर्यादा म्हंजी आपला तोच नेम, एका घरात एकच. ती ढिली झाली की तिन्ही महालिंगप्पाच्या घरात जाणार. हे ऐकलं आन् माझं हसणं जिरलं.

"मग म्या काय करायचं?"

"आपण दोघांनी ठरावाच्या विरुद्ध उभं राहायचं. म्हणजे मर्यादेच्या बाजूनं."

"इरुद्ध का बाजूनं? एक काय ते सांगा."

"ठरावाच्या विरुद्ध, हरणाबाई. मर्यादेच्या बाजूनं."

"म्हंजी पाहिजे म्हणायचं का नको म्हणायचं?"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "विष्णुपंत कसं विचारतील त्यावर आहे ते. 'कोण अनुकूल' म्हणाले तर गप्प बसायचं. 'कोण प्रतिकूल' म्हणाले तर हात वर. आणि 'कोणाची हरकत नाही ना' म्हणाले तर..." हितं ते सोताच अडकले. वनमालाबाईंकडं बगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, त्यांना एकच शब्द सांगा ना धड."

"बरोबर," गुरुजी म्हणले. "एकच शब्द. कायम. मर्यादा कायम राहिली पाहिजे. मर्यादेचं नाव निघालं आणि तुम्हाला काही विचारलं, की उठून म्हणायचं, कायम. बाकी मी बोलेन."

ह्ये मला पटलं. घरी जाताना, मेंढरामागं चालताना, भाकरी थापताना म्या आपली कायम कायम म्हणत व्हते. सिताला वाटलं सासूच्या अंगात आलं.

सभेच्या दिवशी गुरुजी कामाला भूमला गेले व्हते, दुपारच्या गाडीनं येणार व्हते. गाडी आली न्हाय. एरवी आमची सभा कवा वक्तावर सुरू झाल्याली म्या बगितली न्हाय. सदर पान खाणार, कुणाची तरी वाट बगणार, विरुपाक्ष कारकून दौत हुडकणार. त्या दिवशी मातर म्या बाकावर टेकते न टेकते तोवर सदरांनी घंटी वाजिवली.

म्या म्हणलं, "गुरुजी येयाचे हायेत की."

"येतील, येतील. आपण तोवर नेहमीचं कामकाज उरकून घेऊ," सदर म्हणले.

विरुपाक्ष उठला आन् नाकातनं वाचाया लागला. काय वाचतोय, कुणाचं वाचतोय, देवाला ठावं. नाली, कंदील, कोंडवाडा, परत नाली. म्या पेंगत व्हते. आन् तेवढ्यात माझ्या कानावर आलं, "...मालकीवरील मर्यादा शिथिल करण्यास..." म्या खाडकन जागी झाले! आला म्हणलं आपला विषय. गुरुजी न्हाईत, म्या एकटी. समोर महालिंगप्पा मांडीवर मांडी टाकून बसलेला.

विरुपाक्षाचं वाचून झालं. सदरांनी चष्म्यावरनं समद्यांकडं बगितलं आन् इचारलं, "मग काय, कायम करायचं?"

सोता सदरांच्या तोंडात माझा शब्द! म्या ताडकन उठले, पदर खवसला आन् अशी वरडले की भाईर झोपल्यालं कुत्रं उठून पळालं. "कायम! कायम म्हंजी कायमच!"

समदे माझ्याकडं बगायला लागले. महालिंगप्पाच्या तोंडाचा तर आ झाला. मग तो हळूच हसला, उठला, हात जोडले. "हरणाक्कांनी मांडलं. माझं अनुमोदन."

म्या चपापले. अनुमोदन म्हंजी काय? पण आवाजावरनं तो माझ्याच बाजूनं बोलतोय असं वाटलं. ह्यो आपल्या बाजूनं कसा? म्हणलं, एका बाईनं असा दणका दिल्यावर घाबरला आसंल. सदर म्हणले, "एकमताने कायम." मला लई बरं वाटलं. खरं सांगते, एवढं बरं मला पोरगं झालं तवा बी वाटलं नसंल. गायरान वाचिवलं म्या! गुरुजी नसताना, एकटीनं!

मग कागदावरचा विषय आला. सदर म्हणले, "मर्यादेचा विषय. यावर आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. पुढचा घ्या." म्या जोरात मान हलिवली. उरलं न्हायच की! भाईर येताना महालिंगप्पानं माझ्या हातावर पान ठेवलं. "अक्का, तुमचे उपकार हायेत." म्या पान घेतलं पण खाल्लं न्हाय. मनात काय तरी खुपाया लागलं व्हतं.

गुरुजी स्टँडाकडनं धावतच आले. धोतरावर धूळ, छत्री काखेत. वाटंत गाडी बंद पडली व्हती.

"काय झालं?"

"कायम!" म्या म्हणलं. "म्या म्हणलं कायम, सदर म्हणले कायम, महालिंगप्पा बी कायम. एकमतानं!"

गुरुजी जागीच थांबले. "महालिंगप्पा पण?"

"व्हय. अनुमोदन म्हणला."

"कशाला अनुमोदन? कितवा विषय होता?"

"पहिलाच. विरुपाक्षानं वाचलं, त्यात आली मर्यादा."

गुरुजी कचेरीच्या पायरीवर बसले. छत्री खाली पडली ती उचलली बी न्हाय. मग त्यांनी मला सांगितलं. एकदा सांगितलं, कळलं न्हाय. परत सांगितलं. दरेक सभेत पहिल्यांदा मागल्या सभेत काय झालं ते वाचतात. ते बराबर हाय म्हणायचं असंल तर 'कायम केलं' म्हणतात. मागली सभा कवा झाली? आमी समदे अणदूरला खंडोबाच्या जत्रंला गेलो व्हतो तवा. गुरुजी बी देवाला गेले व्हते. तवा चार माणसांत बसून सदरांनी मर्यादा ढिली करून टाकली, आन् आज तेच वाचून कायम केलं; कागदावरचा विषय निस्ता दाखवायला. कायम करा म्हणणारी कोण, तर म्या.

"पण कायम म्हंजी हाय तसं ऱ्हाऊ द्या, असंच ना?"

"हो."

"मग म्या तेच म्हणले की!"

"तेच म्हणालात. पण त्यांनी जे केलं होतं ते तसंच राहू द्या, असं झालं."

"आन् मर्यादा?"

"ती गेली."

"कायम म्हणून गेली?"

मला असा राग आला! गुरुजींचा बी आला. म्हणलं, "असला दोन तोंडाचा शब्द कशाला शिकिवला वो मला? नको म्हण, म्हणून सांगितलं असतं तर जीभ झडली असती का तुमची?" गुरुजी खाली मान घालून म्हणले, "चुकलंच माझं." त्यांचे डोळे भरले. मग माझा राग कुठल्या कुठं गेला, आन् मला बी रडू आलं.

तशीच आत गेले. सदर पान लावत व्हते. म्हणलं, "म्या म्हणलेलं माघारी घेते." सदर म्हणले, "हरणाबाई, सभेत बोललेलं परत घेता येतं. कायम केलेलं नाही." पुन्यांदा तोच शब्द! म्या भाईर आले.

गुरुजींनी धाराशिवला कलेक्टरकडं तक्रार लिहिली, म्या अंगठा दिला. जबाब आला तो गुरुजींनी वाचला. "सदर ठराव आपणच मांडल्याचे दिसते. तरी खुलासा करावा." म्या टाळ्याच पिटल्या. म्हणलं, बगा, सायेब बी म्हणतोय, सदरांचा ठराव हाय म्हणून! गुरुजी म्हणले, "नाही हो. सदर म्हणजे हा. हा ठराव तुम्ही मांडला, असं म्हणतोय तो." आता सदर म्हंजी सदर नव्हं, कायम म्हंजी कायम नव्हं, मर्यादा म्हंजी पदर नव्हं. मग म्हणावं तरी काय माणसानं? म्या घरात कुणाशी बोलायचंच सोडलं. मीठ पाहिजे असलं तरी बोट दाखवायची.

तोवर तिकडं महालिंगप्पानं झपाटा लावला. बसप्पाचा ठेका गेला. बिचारा पंक्चर काढत बसला. गुरुजींच्या फळ्याला नवा रंग लागला, वर 'डोंगरवारा' लिहिलं, आन् लिहायला त्याचा माणूस. गुरुजी सवयीनं एकदा खडू घेऊन गेले, तर त्यानं त्यांना "कुणाला भेटायचंय?" म्हणून इचारलं. ते घरी येऊन बसले.

मग एका बाजारच्या दिवशी भोंगा बोलला. म्या माळव्याच्या पाटीजवळ उभी व्हते. "गायरान जीनसाठी देण्यात येत आहे. हरकतीची मुदत संपली आहे. धनगरवाड्याच्या सभासद हरणाबाई यांची संमती आहे." भर बाजारात माझं नाव! म्या वर बगून वरडले, "कुणाची संमती? कुणी इचारलं मला?" भोंगा आपला बोलतच व्हता. भाजीवाली म्हणली, "अगं बाई, वर कुणाला शिव्या देतीस? तितं कोण न्हाय."

मुदत संपलीच नव्हती. कमिटीचा कागद माझ्याकडं आलाच व्हता, सिताकडनं तीनदा वाचून घेतला. सोमवारी कचेरीत हरकती ऐकणार. सोमवार म्हंजी उद्या. उद्या अख्खा वाडा मागल्या सालासारखा जाऊन उभा ऱ्हायला तर अजून काय बिघडलं नव्हतं. म्या घेतलेला बाजार तितंच टाकला आन् वाड्याकडं पळत सुटले.

वाड्यात येऊन बगते तर मेंढरं भाईर काढलेली. घोड्यावर वाकळा, भांडी, कोकरांची जाळी. माझा दीर धुळाप्पा दोर आवळत व्हता. लगीन होऊन आले तवा ह्यो उघडा फिरायचा. माझ्या हातची भाकरी खाऊन मोठा झाला.

"भावजी, कुठं निगालात?"

"घाटाच्या पल्याड. तिकडं चारा हाय म्हणत्यात."

"आन् गायरान?"

"गेलं न्हवं का."

"गेलं न्हाय! उद्या तारीख हाय. उद्या समद्यांनी कचेरीत चला, हरकत घ्या. मुदत हाय अजून!"

त्यानं माझ्याकडं बगितलं न्हाय. "पेपरात आलंय मुदत संपली म्हणून. स्टँडावर दाखिवलं एकानं वाचून."

"पेपर खोटा हाय."

"फळ्यावर बी हाय."

"फळा बी खोटा हाय. आता तो गुरुजींचा न्हाय."

"आन् भोंगा?"

"भोंगा बी!"

"तुमी संमती दिली असं बी हाय तिन्हीकडं."

"म्या न्हाय दिली, भावजी. खंडोबाची आन. म्या कायम म्हणले, पण त्याचा अर्थ..." आन् हितं माझी जीभ अडकली. काय सांगू? कुठनं सुरू करू? माझंच मला अजून नीट कळलेलं न्हवतं.

धुळाप्पाच्या डोळ्यांत राग न्हवता, हेच मला सोसवंना. पोरगं चुकलं तर जसं बोलावं तसं तो हळू बोलला. "वैनी, तुमी आमच्याशी कवा खोटं बोलला न्हाईत. पण पेपर म्हणतोय, फळा म्हणतोय, भोंगा म्हणतोय. तुमी एक म्हणताव आन् तिघं एक म्हणत्यात. तिघं मिळून खोटं कशाला बोलतील?"

"तिघं न्हाईत वो भावजी! एकच हाय. एकच माणूस हाय तो!"

त्यानं जरा इचार केला. खरंच केला, म्या त्याच्या तोंडाकडं बगत व्हते. मग त्यानं मान हलिवली. "एक कसा? पेपर कागदाचा, फळा भिताडावर, भोंगा झाडावर. म्या माज्या डोळ्यानं तीन बगितलेत." त्यानं घोड्याला चुचकारलं आन् मेंढरांना हाळी दिली. आख्खा वाडा त्याच्या मागनं निगाला. म्या आडवी झाले, तर मेंढरं माझ्या दोन्ही अंगांनी गेली.